काळजी, हजर

कुकिता मियोको हिला जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींची काळजी वाटायची. एक ज्वालामुखी सोडून.

आईच्या गुडघ्यांची वाटायची. फ्रिजच्या घरघरीची वाटायची. साहेबांना पाठवलेल्या निरोपात शेवटी 'धन्यवाद' एकदाच लिहिलं, दोनदा लिहायला हवं होतं का, याची वाटायची. शेजारीण गुरुवारी नमस्काराला जरा कमी वाकली, ती कशाने दुखावली असेल, हे रविवारपर्यंत पुरायचं. आणि एखाद्या दिवशी सगळं सुरळीत चाललं असेल, तर ते इतकं सुरळीत का चाललंय, याची वाटायची.

ज्वालामुखी खाडीपलीकडे चार किलोमीटरवर होता. त्याचा धूर रोज खिडकीतून दिसायचा. तो फुटला की ती टीव्हीवर वाऱ्याची दिशा बघायची, राख इकडे येणार असेल तर वाळत घातलेले कपडे आत घ्यायची, आणि परत फ्रिजकडे कान लावून बसायची.

ती कागोशिमा शहरात ट्राम चालवायची. एकोणीस वर्षं. ट्राम चालवणाऱ्याला प्रत्येक गोष्ट पांढऱ्या हातमोज्यातलं बोट दाखवून मोठ्याने म्हणावी लागते. सिग्नल, हिरवा. दारं, बंद. घड्याळ, दहा वाजून चार मिनिटं. निघतोय. नुसतं बघितलं तर डोळा फसतो. बोट, डोळा आणि तोंड एकदम फसत नाहीत, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मियोकोचं बोट सगळ्या डेपोत सरळ मानलं जायचं. नव्या लोकांना ते दाखवायला आणत.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, ऐन बाजाराच्या थांब्यावर, तिने दारांकडे बोट केलं आणि म्हटलं, "दारं, बंद." दारं बंद होती. बंद असल्याचा दिवाही लागला होता. पण तिला ते खरं वाटेना. म्हणून तिने परत म्हटलं. मग परत. अकरा वेळा. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. मागे तीन ट्राम येऊन उभ्या राहिल्या. प्रवासी शांत बसून होते. या शहरात कुणी ड्रायव्हरवर ओरडत नाही. फक्त एक आजोबा उठले, "बाई, मी चालत जातो हं, तुम्ही सावकाश या," म्हणून उतरले आणि खरोखरच ट्रामच्या आधी पोचले.

सातव्या मिनिटाला दुसरा ड्रायव्हर आला. मियोकोला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवण्यात आलं. फेब्रुवारीपर्यंत उपचार घ्यायचे, मग एक चाचणी फेरी. जमली तर ट्राम, नाही जमली तर कायमची खिडकी. खिडकीत तीनशेबारा छत्र्या, एक पितळी भोंगा आणि दातांच्या चार कवळ्या होत्या. पहिल्याच दिवशी तिला कवळ्यांच्या मालकांची काळजी लागली. ते जेवत कसे असतील.

डॉक्टर इजुइन सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांचा दवाखाना वाम माशाच्या खानावळीच्या वर होता, त्यामुळे पेशंट कितीही खचलेला असला तरी भूक घेऊनच बाहेर पडायचा.

"किती दिवस झाले असं होतंय?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा वर्षं असतील. त्याआधी मी लक्ष देत नव्हते."

"झोप?"

"येते. मग जाते."

"मान, खांदे?"

"खांदे कानांपर्यंत आलेत."

डॉक्टरांनी खांदे बघितले. आले होते. "चिडचिड?"

"नाही," मियोको म्हणाली, आणि मग जरा जोरात म्हणाली, "नाही म्हटलं ना."

"असं," डॉक्टर म्हणाल्या. "याला नाव आहे. सार्वत्रिक चिंता विकार. एका कुठल्या गोष्टीची भीती नाही, सगळ्याचीच काळजी. बहुतेक दिवस, सहा-सहा महिने. थांबवू म्हटलं तर थांबत नाही. पुष्कळ लोकांना असतो, आणि त्यावर इलाज होतो."

"म्हणजे मी वाईट ड्रायव्हर नाही?"

"ते मला काय माहीत. मी बसने येते."

मग डॉक्टरांनी विचारलं, खाडीपलीकडच्या डोंगराची काळजी वाटते का. मियोकोला प्रश्नच कळला नाही. "तो आहेच की," ती म्हणाली. डॉक्टरांनी हे वाक्य लाल पेन्सिलने वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, आणि पुढे काहीही बोलल्या नाहीत. मनातल्या काळजीला डोंगराची उपमा कागोशिमात कुणीही देतं, न्हावीसुद्धा. डॉक्टर इजुइननी पाच महिन्यांत ती एकदाही दिली नाही, आणि मियोकोला त्यांच्याबद्दल आदर वाटायला सुरुवात झाली ती इथून.

इलाज असा होता. रोज सकाळी एक गोळी. रोज एक पान डायरी. आईला फोन दिवसातून एकदाच, नऊ वेळा नाही. आणि काळजी करायला रोज दुपारी साडेचार ते पावणेपाच ही वेळ राखीव. इतर वेळी काळजी आली तर तिला सांगायचं, साडेचारला ये.

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं पुरली नाहीत. तिसऱ्या आठवड्यात दहाव्या मिनिटाला विषय संपले, आणि उरलेली पाच मिनिटं मियोको छत्र्यांमध्ये घड्याळाकडे बघत बसली. आपल्याला काळजी करायला काही सापडत नाही, हे काळजीचं लक्षण तर नव्हे, हा विचार तिला सोळाव्या मिनिटाला सुचला. तो तिने दुसऱ्या दिवशीच्या साडेचारवर ढकलला. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी पुढे ढकललं होतं.

डायरीत ती चार-चार पानं लिहायची. डॉक्टर ती वाचून खाली लाल पेन्सिलने एकच ओळ लिहायच्या. 'जेवण काय होतं?' किंवा 'छत्र्या पुसल्या का?' एकदा मियोकोने मरणावर सहा पानं लिहिली. त्याखाली होतं, 'अक्षर सुधारतंय.'

डिसेंबरात मियोको म्हणाली, "डॉक्टर, एक अजून कळत नाही. दारं बंद आहेत हे मी अकरा वेळा म्हटलं. तरी खरं का वाटलं नाही?"

"म्हणून दाखवा बघू."

मियोको उठून उभी राहिली. पाठ ताठ, बोट सरळ. "खिडकी, बंद."

डॉक्टर बघत राहिल्या. माणूस खिडकीकडे असं बघू शकतो, हे त्यांना ठाऊक नसावं. "छान," त्या हळू म्हणाल्या. "आणि सिग्नल लाल असला तर?"

"सिग्नल, लाल."

"म्हटल्यावर तो हिरवा होतो?"

"नाही. मी थांबते."

"मग म्हणायचं कशाला?"

"तो लाल आहे हे दिसावं म्हणून."

"आणि इथे?" डॉक्टरांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "इथे जेव्हा काळजी असते, तेव्हा काय म्हणता?"

मियोको विचारात पडली. "ठीक आहे म्हणते."

"तपासता?"

"नाही."

"असते का ठीक?"

खालून वाम भाजल्याचा वास वर आला.

"एकोणीस वर्षं," डॉक्टर इजुइन वही मिटत म्हणाल्या, "तुम्ही रोज सिग्नल लाल असताना हिरवा म्हणत होतात. दारांचा काय दोष."

मियोको त्या दिवशी अपमानाने लाल होऊन घरी गेली. खोटा उच्चार हा तिच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. त्याच्यासाठी माणसाच्या अंगावरचा गणवेश काढून घेतात. तिने स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून पांढरे हातमोजे चढवले, बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं आणि म्हटलं, "काळजी, हजर."

काही झालं नाही. काळजी गेली नाही. पण ट्राममध्ये कुणी चढलं की बसलेला माणूस न उठताही दोन बोटं सरकतो, तेवढी ती सरकली. मियोको त्या दोन बोटांच्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिली. दहा-बारा वर्षांत ती जागा तिला दिसलीच नव्हती.

चाचणीच्या आदल्या रविवारी ती बोटीने ज्वालामुखीच्या बेटावर आईकडे गेली. आईचं नाव हात्सुए, वय चौऱ्याहत्तर; घर डोंगराच्या तोंडापासून तीन किलोमीटरवर. दाराशी खिळ्याला हेल्मेट, तातडीने बाहेर पडायची पिशवी कायम भरलेली, आणि मागे राखेच्या जमिनीत मुळ्यांचं शेत.

तिकडचा मुळा म्हणजे लाल भोपळ्याने हेवा करावा असा गोल गरगरीत. त्यातला सगळ्यात मोठा आईने शेवटपर्यंत ठेवला होता. शहरातला एक भाजीवाला मंगळवारी बेटावरच्या मुळ्यांची वजनं करून ते दुकानापुढे मांडणार होता. दोघींनी मिळून माती उकरली, पानं धरली, आणि तो वर आला तो इतका अचानक, की दोघी मागे बसल्या.

मुळा तिथे होता. पांढराशुभ्र, ओला, एखाद्या ध्यानाला बसलेल्या लठ्ठ माणसासारखा. मियोकोने त्याच्यावर हात ठेवला, तर आत जमिनीची ऊब होती. इतकी राख पडली, इतके हादरे बसले, आणि हा त्याच्याखाली गपचूप वाढत होता.

मागे डोंगर गुरगुरला. दाराच्या काचा थरथरल्या.

"आई," मियोकोने विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की."

"कधी?"

"रोज. हे काय विचारणं झालं. काचा वाजल्या की नजर हेल्मेटकडे जाते. मग मी कोबीला पाणी घालते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू फोन करून काय विचारतेस? 'बरी आहेस ना?' बरी असतेच मी. भीती वाटते का, असं कधी विचारलंस?" आई मुळ्यावरची माती थेट बाहीने पुसत होती. "आणि आता एकदाच फोन करतेस ते बरं झालं. नऊ वेळा उठून गुडघे गेले माझे."

मियोको आईकडे बघत राहिली. एक्केचाळीस वर्षं ती ज्या बाईची काळजी करत आली, ती बाई रोज घाबरत होती आणि रोज कोबीला पाणी घालत होती, आणि याचा मियोकोला पत्ता नव्हता. चार किलोमीटरवरून डोंगर दिसतो, आई दिसत नाही.

"मुळा कसा नेणार?"

"तुझा चुलतभाऊ व्हॅन आणतोय. तू त्याची काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण साडेचारला."

मंगळवारी सकाळी मियोकोने डायरीत, चाचणीत काय काय बिघडू शकतं ते लिहून काढलं. त्रेचाळीस गोष्टी झाल्या. ब्रेक, कुत्रा, शिंक, शाळेची सहल, भूकंप, पुन्हा शिंक. यादी इतकी भरगच्च झाली की तिच्यातून काही निसटेल असं वाटेना.

परीक्षक समेजिमा होते, नोकरीला एकतीस वर्षं झालेले. समेजिमांनी स्वतःच्या लग्नात बोट दाखवून 'वधू, ठीक' म्हटलं होतं, असं डेपोत सांगतात. त्यांना विचारायची कुणाची छाती झालेली नाही. ते तिच्या मागे फळीवर कागद लावून उभे राहिले.

"कुकिता-सान, प्रवासी खरे आहेत. नेहमीसारखं चालवा."

"हो, समेजिमा-सान."

बोटीच्या धक्क्याजवळच्या थांब्यावर मागचं दार उघडलं आणि आरशात तिला आई चढताना दिसली. पाठीला बाळ बांधायच्या झोळीत मुळा. डोक्यावर हेल्मेट.

यादीत हे नव्हतं. मियोकोने मनातल्या मनात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गोष्टी तपासल्या. शिंक दोनदा होती. आई मुळा घेऊन एकदाही नव्हती. इतक्या वर्षांच्या अखंड कष्टांनंतर तिची काळजी पहिल्याच थांब्याला साफ नापास झाली होती, आणि मियोकोला तिच्याबद्दल जरा वाईटही वाटलं.

एका तरुणाने उठून जागा दिली. आईने तिथे मुळा बसवला आणि आपण उभी राहिली. "ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलंय," ती मुळ्याला मोठ्याने म्हणाली, "म्हणून मी बोलत नाहीये. नाहीतर सांगितलं असतं की व्हॅन बंद पडली."

समेजिमांची पेन्सिल थांबली. मग परत चालू झाली.

बाजाराच्या थांब्यावर, ऑक्टोबरातल्याच त्या थांब्यावर, ट्राम उभी राहिली, आणि काचांना एक धक्का बसला. आवाज नव्हे, धक्का. हवेनेच काचेवर थाप मारल्यासारखा. रस्त्याच्या टोकाशी, दोन इमारतींच्या मधल्या फटीत, डोंगराच्या तोंडातून एक काळा गड्डा बाहेर पडला. तो फ्लॉवरसारखा फुलत वर चढू लागला. त्याच्यातून दुसरा निघाला, त्याच्यातून तिसरा. आत मध्येच एक बारीक वीज चमकली.

"फेब्रुवारीत?" कुणीतरी म्हणालं, न कळवता आलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. हिवाळ्यात राख पलीकडच्या किनाऱ्याला जाते. पण आज वारा उलटा होता. बघता बघता उजेड मळकट झाला. फुटपाथवर एकामागून एक छत्र्या उघडल्या. गाड्यांचे दिवे लागले. दुपार व्हायच्या आत संध्याकाळ झाली आणि टपावर राख बारीक पावसासारखी वाजायला लागली. आईने डोक्यावरचं हेल्मेट काढून मुळ्याला घातलं.

मियोकोने काचेवर पाणी मारलं, मग वायपर लावला. दारं लावली. दिवा लागला. सिग्नल हिरवा झाला.

हात गाडी सुरू करायच्या दांड्याकडे गेला नाही.

सगळं ऑक्टोबरसारखं होतं. दात एकमेकांत रुतलेले, खांदे कानांशी, छातीत एक रिकामी बादली. दारं खरंच बंद आहेत? तिला ओळखीचा तो उतार दिसला, अकरा पायऱ्यांचा, आणि खाली ती खिडकी, तीनशेबारा छत्र्या, कायमच्या. मागे समेजिमांचा श्वास ऐकू येत होता. सिग्नल हिरवा होता, पण तो काही तिच्यासाठी थांबणार नव्हता.

तिने बोट वर केलं.

"सिग्नल, हिरवा." होता. "दारं, बंद." होती. "रुळांवर, राख." होती. "डोंगर, चालू." होता. मग तिने बोट वळवून स्वतःच्या गणवेशाच्या दुसऱ्या बटणाकडे केलं.

"काळजी, हजर," ती म्हणाली. "निघतोय."

आणि ट्राम निघाली.

हळूच निघाली, राखेत चाकं करकरत. पण निघाली, आणि मियोकोला याचं इतकं नवल वाटलं, की ती क्षणभर बाकी सगळं विसरली. काळजी उतरली नव्हती. ती तिथेच होती, मुळ्यासारखी जागा अडवून, हेल्मेट घालून. तरीही सोळा टन लोखंड पुढे चाललं होतं. इतकी वर्षं ती काळजी उतरायची वाट बघत थांब्यावर उभी होती. बसलेल्या प्रवाशासकट गाडी नेता येते, हे ट्राम चालवणाऱ्या बाईला कळायला एकोणीस वर्षं लागावीत.

पुढच्या वळणावर इमारती संपल्या आणि डोंगर सगळाच्या सगळा समोर आला. राखेचा खांब ढगांच्याही वर गेला होता, आणि अजून चढत होता, कसलीही घाई नसल्यासारखा. त्याच्यापुढे शहर खेळण्याएवढं दिसत होतं. आणि त्या खेळण्यात माणसं छत्र्या घेऊन पाव आणायला निघाली होती. कुणी मान वर करत होतं, "बरीच आली आज," म्हणत होतं आणि रस्ता ओलांडत होतं.

मियोकोला डोंगराची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा. ती भीती मोठी होती आणि स्वच्छ होती. तिच्यात 'जर' नव्हता, 'पण' नव्हता, शेजारीण नव्हती. भीती आणि काळजी या सख्ख्या बहिणी, असंच ती धरून चालली होती. आत्ता त्यांची ओळखही असेल असं वाटेना. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि हातमोज्याने पुसायची सोय नव्हती, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं. "पुढचा सिग्नल, पिवळा," ती म्हणाली. "वेग, कमी."

शेवटच्या थांब्यावर समेजिमा कागदावर बराच वेळ वाकून होते.

"बाजाराच्या थांब्यावर तुम्ही एक उच्चार केलात. तो पुस्तकात नाही."

"नाही."

"एकतीस वर्षांत मी तो ऐकलेला नाही."

"नाही, समेजिमा-सान."

"प्रत्यक्ष स्थिती तशी होती का?"

"होती."

"किती?"

"पुष्कळ."

समेजिमांनी मान डोलावली. मग अतिशय सुवाच्य अक्षरात त्यांनी शेवटच्या चौकटीत लिहिलं आणि कागद तिच्याकडे वळवून दाखवला. 'पुस्तकाबाहेरचा उच्चार : एक. प्रत्यक्ष स्थितीशी जुळला. उद्यापासून नेहमीच्या ड्यूटीवर.' त्यांनी सही केली, टोपी घातली, आणि उतरताना पायरीवर क्षणभर थांबून खाडीच्या दिशेने मान वर केली. बोट अर्धं उठलं होतं. काय म्हणावं हे न सुचून ते त्यांनी खाली घेतलं.

आई सगळ्यात शेवटी उतरली. पाठीवर मुळा, मुळ्याच्या डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर राख.

"आता ड्रायव्हरशी बोलायचं का?"

"बोल."

"भाजीवाला मागे राहिला. तीन थांबे झाले." आई दोन्ही हातांनी मुळा सावरत होती. "मी उतरणार होते तिथेच. पण तू निघालीस, मग मी बघत राहिले."

मियोकोने तिच्या केसांतली राख झटकली. ती तिला वाटली होती त्यापेक्षा मऊ होती.

"काय गं," आईने विचारलं, "भीती वाटतेय का?"

"वाटतेय."

"मग?"

"साडेबाराची परतीची फेरी आहे," मियोको म्हणाली. "बस. सोडते तुला भाजीवाल्याकडे."

ती ट्रामच्या दुसऱ्या टोकाला गेली. आता डोंगर बरोब्बर समोर होता. तिने हातमोजे ओढून नीट केले, घड्याळ बघितलं, आणि बोट वर केलं.